दारूबंदीतही पिणारा डॉक्टर

पोळा किंवा मंडई आटोपली की दोन-तीन दिवसांत आमच्या वॉर्डात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. हात थरथरतात, अंग घामाने भिजलेले असते, दोन रात्री झोप नसते. एखाद्याला भिंतीवर किडे चालताना दिसतात, एखाद्याला फिट येऊन गेलेली असते. सोबत बायको किंवा म्हातारी आई असते. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की शरीर असे बंड करून उठते. आम्ही सलाईन लावतो, थायमिनचे म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतो, शांत करणारी औषधे देतो. पाच-सहा दिवसांत माणूस उठून बसतो, बायकोशी नीट बोलतो आणि पुन्हा पिणार नाही अशी शपथ घेऊन घरी जातो. महिन्याभरात तोच माणूस त्याच खाटेवर परत येतो.

नोकरीच्या सुरुवातीची बरीच वर्षे मी अशा रुग्णाला सुट्टी देताना दारू सोड, लिव्हर खराब होईल, पोरांकडे पाहा, एवढेच सांगत असे. तो परत आला की मला त्याचा राग येई. त्याला आठवडाभर बरे करायचे औषध माझ्याकडे होते, पण आठव्या दिवसाचे काय, याचे उत्तर नव्हते. ते उत्तर मला एका परदेशी सर्जनच्या चरित्रात सापडले. त्या सर्जनची आठवण आपल्या भागात काढण्याला आणखी एक कारण आहे. त्याची पिण्याची बरीच वर्षे कडक दारूबंदीत गेली होती.

दारूबंदी आपल्याला नवी नाही. गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः बायांच्या रेट्यामुळे १९९३ मध्ये ती आली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. बंदी हवी की नको, हा वाद आपल्याकडे अजूनही चहाच्या टपरीवर रंगतो. त्या वादात एक माणूस मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही, तो म्हणजे ज्याला दारूने आधीच धरले आहे तो. या सर्जनची गोष्ट त्या माणसाची आहे.

शिस्तीच्या घरातला मुलगा

रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या सेंट जॉन्सबरी या गावी झाला. वडील न्यायाधीश, घर धार्मिक आणि शिस्तीचे. मुलाला आठवड्यातून अनेकदा चर्चमध्ये नेले जाई. त्याचा इतका कंटाळा आला की मोठेपणी चर्चची पायरी चढायची नाही, असे त्याने लहानपणीच ठरवून टाकले आणि कित्येक वर्षे ते पाळले. नऊ वर्षांचा असताना शेतात सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाची बरणी त्याच्या हाती लागली. तो त्याचा पहिला घोट होता.

खरे पिणे सुरू झाले ते डार्टमाउथ कॉलेजात. कितीही प्यायले तरी दुसऱ्या दिवशी आपले डोके दुखत नाही, याचा त्याला अभिमान वाटे. आज आम्ही डॉक्टर हे धोक्याचे लक्षण मानतो. ज्याला दारू सहज पचते, त्याला थांबण्याची खूण शरीराकडून मिळत नाही. आपल्याकडेही एवढी घेऊन सरळ चालतो, अशी ज्याची तारीफ होते, त्याची काळजी सर्वांत आधी करायला हवी.

काही वर्षे नोकऱ्या केल्यावर स्मिथ वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. पिण्यापायी मिशिगन विद्यापीठ सोडावे लागले. शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजातही परीक्षेच्या वेळी हात इतके थरथरत होते की कोरे पेपर द्यावे लागले. जादा सत्रे दारूविना काढून दाखवण्याच्या अटीवर १९१० मध्ये त्यांना पदवी मिळाली. पुढे ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात, सिटी हॉस्पिटलमध्ये दोन वर्षे इंटर्नशिप झाली. तिथे काम इतके होते की दारूला सवडच मिळाली नाही. स्वतःचा दवाखाना थाटला, हाती पैसा आणि वेळ आला आणि बाटली परत आली. १९१५ मध्ये त्यांनी ॲन रिप्ली यांच्याशी लग्न केले. दोघांची ओळख शाळेच्या दिवसांपासूनची होती. लग्नासाठी ॲन यांनी सतरा वर्षे वाट पाहिली होती.

बंदी आली, दारू राहिली

जानेवारी १९२० मध्ये संपूर्ण अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. डॉ. स्मिथ यांना हायसे वाटले. आता मिळणारच नाही, म्हणजे आपण आपोआप सुटू, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब मी आपल्या भागातल्या किती बायांच्या तोंडून ऐकला आहे, सांगता येणार नाही. पण डॉक्टरांना औषध म्हणून दारू लिहून देण्याची मुभा होती. शिवाय चोरटी दारू घराच्या मागच्या दाराशी आणून देणारे लोक लवकरच तयार झाले. आपल्याकडे रात्री सीमेपलीकडून पेट्या येतात, जंगलात मोहाचा सडवा लपवला जातो, तसेच.

बंदीचा उपयोग झाला नाही, असा अर्थ मी यातून काढत नाही. दारू सहज मिळेनाशी झाली की नव्याने पिणारे कमी होतात, पगाराचा पैसा घरी पोहोचतो, रस्त्यावरचा त्रास घटतो. गावातली भट्टी बंद करणाऱ्या बायांनी मोठे काम केले आहे. पण ज्याचा मेंदू दारूवर अवलंबून झाला आहे, तो भिंतीतही दार शोधतो. त्याला इच्छाशक्ती नाही असे आपण म्हणतो. बाटली मिळवण्यासाठी तो जी इच्छाशक्ती दाखवतो, ती पाहिली तर आपला समज चुकीचा आहे हे कळेल.

डॉ. स्मिथ यांना दोन भीतींनी घेरले होते. एक, झोप लागणार नाही. दुसरी, दारू संपेल. ती संपू नये म्हणून पैसे कमवायला हवेत आणि पैसे कमवायचे तर दिवसा हात स्थिर हवेत. म्हणून दिवसभर झोपेच्या गोळ्यांनी थरथर दाबायची आणि संध्याकाळी घरी येऊन प्यायचे, असे चक्र सतरा वर्षे चालले. बाटल्या तळघरातल्या तुळईवर, कोळशाच्या ढिगात लपवलेल्या असत. ॲन घरभर शोधत. मुलाला आणि दत्तक मुलीला घरी मित्र आणायची सोय नव्हती. उपचारासाठी सॅनिटोरियमच्या फेऱ्याही झाल्या. प्रत्येक वेळी ते बरे होऊन येत आणि पुन्हा पीत. रुग्णालयाचा इलाज अपुरा पडतो, हे त्या डॉक्टरने रुग्ण म्हणूनच शिकले.

१९३३ मध्ये बंदी उठली. त्याच सुमारास ॲन यांच्या आग्रहाने ते ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका धार्मिक मंडळात जाऊ लागले. मंडळी भली होती, प्रार्थना करत, मनमोकळे बोलत. डॉ. स्मिथ यांनी पुस्तके वाचली, बैठकी चुकवल्या नाहीत. अडीच वर्षे हे सगळे केले आणि जवळजवळ रोज रात्री प्यायले. १९३५ च्या वसंतात त्यांनी त्या छोट्या मंडळासमोर आपण चोरून पितो हे कबूल केले. सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. पिणे थांबले नाही.

पंधरा मिनिटांची भेट

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी ॲक्रनला आला होता. तोही भयंकर पिणारा. डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात दाखल झाल्यापासून, म्हणजे पाच महिने, त्याने दारूला हात लावला नव्हता. ॲक्रनमधला त्याचा सौदा फिसकटला. परक्या गावात, शनिवारी, खिशात फार पैसे नसताना तो हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. त्याला एक गोष्ट आठवली. गेल्या पाच महिन्यांत त्याने अनेक दारुड्यांना सुधारण्याचा प्रयत्न केला होता. त्यातला एकही सुधारला नव्हता, पण त्यांच्याशी बोलता बोलता तो स्वतः मात्र कोरडा राहिला होता. आज आपल्याला वाचायचे असेल तर दुसरा एखादा दारुडा गाठला पाहिजे, हे त्याच्या लक्षात आले. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला आणि शहरातल्या पाद्र्यांच्या यादीतून एक नंबर फिरवला. एकाकडून दुसऱ्याकडे असे करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्या डॉ. स्मिथ यांच्याच मंडळातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी १२ मे रोजी, संध्याकाळी पाच वाजता भेट ठरली. आदल्या दिवशी डॉक्टर झिंगून पडले होते. त्या दिवशी हात थरथरत होते आणि कोणाचे व्याख्यान ऐकण्याची तयारी नव्हती. पंधरा मिनिटे बसेन, जास्त नाही, अशी अट घालून ते आले. रात्री अकरानंतर उठले.

त्या सहा तासांत विल्सनने त्यांना उपदेश केला नाही. लिव्हरबद्दल सांगितले नाही. ते डॉक्टरांना त्याच्याहून जास्त ठाऊक होते. त्याने फक्त स्वतःची कथा सांगितली. बाटल्या कुठे लपवल्या, बायकोला काय खोटे सांगितले, शपथा कशा मोडल्या. डॉ. स्मिथ यांना आयुष्यात प्रथमच असा माणूस भेटला, ज्याला दारूबद्दल पुस्तकातून नव्हे तर अंगावर काढून कळले होते. अडीच वर्षे भल्या माणसांच्या बैठकीत जे घडले नाही, ते इथे सुरू झाले.

सुरू झाले, पूर्ण झाले नाही. विल्सन स्मिथांच्याच घरी राहायला आला. जूनमध्ये डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेला अटलांटिक सिटीला गेले आणि गाडीत बसल्यापासून पीत राहिले. कित्येक दिवसांनी शुद्धीवर आले ते आपल्या नर्सच्या घरी. तीन दिवसांवर एक ऑपरेशन होते. ॲन आणि विल्सन यांनी त्यांना सांभाळून उभे केले. ऑपरेशनच्या सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून विल्सनने त्यांना एक बाटली बिअर दिली. ती त्यांची शेवटची दारू ठरली. ऑपरेशननंतर ते बराच वेळ घरी आले नाहीत, तेव्हा घरच्यांच्या मनात नको ते आले. डॉक्टर मात्र गावभर फिरत होते. ज्यांना इतकी वर्षे टाळले, ज्यांचे पैसे देणे होते, ज्यांना दुखावले होते, त्यांच्या दारात जाऊन ते सगळे कबूल करत होते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १० जून १९३५ हा दिवस आपला स्थापनादिन मानते. तेव्हा संस्थेचे सदस्य दोन होते.

बिअरच्या त्या बाटलीचा कोणी गैर अर्थ घेऊ नये. थरथर थांबवायला थोडी घेणे हा उपचार नाही. आज त्यासाठी सुरक्षित औषधे आहेत. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरी बसून एकदम बंद करणेही धोक्याचे आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. दारू सोडायचीच, पण सुरुवात रुग्णालयात, डॉक्टरच्या नजरेखाली करायची.

तिसरा माणूस

दोघांना कळून चुकले होते की कोरडे राहायचे तर तिसरा शोधायला हवा. डॉ. स्मिथ यांनी सिटी हॉस्पिटलच्या नर्सला फोन करून विचारले, वॉर्डात कोणी दारुडा आहे का. होता. एक वकील, सहा महिन्यांत आठव्यांदा भरती झालेला, नर्सना मारल्यामुळे पलंगाला बांधून ठेवलेला. दोघे त्याच्या खाटेशी बसले आणि आपापली कहाणी सांगितली. काही दिवसांनी, ४ जुलै रोजी, तो वकील बायकोबरोबर रुग्णालयाबाहेर पडला आणि पुढे कधी प्यायला नाही.

१९३७ च्या अखेरीस दोघांनी हिशेब केला, तेव्हा ॲक्रन आणि न्यूयॉर्क मिळून चाळीसेक माणसे कोरडी राहिली होती. १९३९ मध्ये या अनुभवाचे पुस्तक निघाले आणि त्याच नावाने चळवळ ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी डॉ. स्मिथ यांना सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया यांची साथ मिळाली. त्या काळी दारुड्याला खाट द्यायला रुग्णालये तयार नसत. सिस्टरांनी पहिल्या रुग्णाची नोंद पोटाच्या आजाराची म्हणून केली आणि जागा नव्हती तर त्याला फुले ठेवण्याच्या खोलीत झोपवले. पुढे तिथे स्वतंत्र वॉर्ड झाला. सुमारे पाच दिवस उपचार आणि रोज भेटायला आधी सुटलेली माणसे, अशी पद्धत होती. सुट्टी झाली की तीच माणसे त्याला आपल्या मीटिंगला घेऊन जात. पाच हजारांच्या आसपास रुग्णांना डॉ. स्मिथ यांनी तिथे पैसे न घेता तपासले. माझ्या आठव्या दिवसाच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

त्यांची स्वतःची तल्लफ लगेच गेली नाही. पुढची जवळजवळ अडीच वर्षे दारूची ओढ त्यांना रोज छळत होती. तरी ते घसरले नाहीत, कारण रोज कोणाच्या तरी खाटेशी जाऊन बसायचे होते. जून १९४९ मध्ये ॲन गेल्या. कॅन्सर झालेला असताना जुलै १९५० मध्ये क्लीव्हलँड येथे एएच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात ते थोडा वेळ बोलले आणि १६ नोव्हेंबर १९५० रोजी वारले. त्यांच्या थडग्यावर एएचा उल्लेख नाही. मोठे स्मारक त्यांना नकोच होते. आज एए सुमारे १८० देशांत आहे आणि सदस्य वीस लाखांच्या घरात आहेत.

आपल्या गावात मीटिंग

महाराष्ट्रात हा विचार अनेक वाटांनी आला. एएच्या मीटिंग मुंबईत १९५० च्या दशकाअखेरीस सुरू झाल्या. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केले. व्यसनातून सुटलेल्यांनाच कार्यकर्ते करून त्यांच्या हाती नव्या रुग्णांना सोपवायचे, हा डॉ. अनिता यांच्या कामाचा गाभा होता. त्या १९९७ मध्ये गेल्या, काम सुरू आहे. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानातून गाव संघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराची क्लिनिके चालतात.

विज्ञान काय म्हणते, हेही सांगतो. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून दिले, तर पूर्ण दारू सोडून राहणाऱ्यांचे प्रमाण इतर मानसोपचारांपेक्षा काहीसे जास्त निघाले. हा जादूचा मंत्र नाही. अनेकांना सोबत औषधे लागतात, कोणाला नैराश्यावर उपचार लागतात. मीटिंगला जाणाऱ्याने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

मीटिंगमध्ये काय होते, याची धास्ती बहुतेकांना असते. गोल करून खुर्च्या किंवा सतरंजी असते. फी नसते, रजिस्टरमध्ये नाव लिहिले जात नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. तासा-दीड तासात काही जण आपला अनुभव सांगतात, इतर ऐकतात, मध्ये कोणी सल्ला देत नाही. बोलावेसे वाटले नाही तर गप्प बसता येते. देवाचा उल्लेख येतो, पण तो ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा. आयुष्यभराची शपथ कोणी मागत नाही. फक्त आजचा दिवस काढायचा असतो. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात. नवरा यायला तयार नसला तरी बायकोने जायला हरकत नाही. पहिली मीटिंग आवडली नाही म्हणून सोडू नका. चार-सहा वेळा जा, मग ठरवा.

शोधायचे कुठे? जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची, अशा दोन सरकारी मोफत हेल्पलाइन आहेत. मोबाइलवर होणाऱ्या मीटिंगही आता आहेत, पण भामरागड, एटापल्ली, जिवतीकडच्या माणसाला नेटवर्क आणि एसटी दोन्हींची वाट पाहावी लागते, हे मला माहीत आहे. अशा गावांना ॲक्रनची गोष्ट उपयोगी आहे. तिथे सुरुवातीला इमारत नव्हती, निधी नव्हता, दोन माणसे आणि एक बैठकीची खोली होती. संध्याकाळी एकत्र बसण्याची सवय तर आपल्या गावांना तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेने कधीच लावली आहे. शाळेची ओसरी, समाजमंदिर, बुद्धविहार, गोटूल, कुठलीही जागा चालेल.

गेल्या काही वर्षांपासून मी एक करतो. दारू सोडून वर्ष-दोन वर्षे झालेल्या रुग्णाला, त्याची तयारी असेल तर, वॉर्डात नव्याने आलेल्याच्या खाटेशी बसवतो आणि स्वतः बाहेर जातो. एकदा असाच एक धान शेतकरी, ज्याला मी चार वेळा भरती केले होते, एका तरुण ड्रायव्हरशी दीड तास बोलत बसला. काय बोलले मला माहीत नाही. निघताना त्याने मला विचारले, पुढच्या बुधवारी येऊ का. ड्रायव्हरला गरज आहे म्हणून विचारतो का, असे मी म्हटले. तो म्हणाला, नाही साहेब, मला आहे.

तुमच्या ओळखीत दारू सोडलेला एखादा माणूस असेल. त्याला विचारा, आठवड्यातून एक संध्याकाळ देशील का. दुसरा माणूस आमच्या वॉर्डात आहेच.